गाडीचे ब्रेक घरच्या घरी कसे तपासावेत आणि त्यांची निगा कशी राखावी

ब्रेक बहुतेक वेळा हळूहळू बिघडतात. पॅड रोज थोडा झिजतो, ब्रेक ऑइल महिन्यागणिक थोडी ओल शोषते, पेडल पूर्वीपेक्षा काही मिलिमीटर जास्त खाली जाऊ लागते, आणि रोज तीच गाडी चालवणाऱ्याचा पाय या बदलाशी नकळत जुळवून घेतो. त्यामुळे ‘माझ्या गाडीचे ब्रेक चांगले लागतात’ ही आपली भावना पुरेशी भरवशाची नसते. ठरावीक अंतराने ठरावीक गोष्टी पाहाव्यात, मोजाव्यात आणि तारीख व किलोमीटर घालून एका वहीत लिहून ठेवाव्यात, हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. पुढे दिलेल्या बहुतेक तपासण्यांना हत्यारे लागत नाहीत. ज्या कामांना ती लागतात, त्यांत नवख्याने कुठे थांबावे हेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

ब्रेकवर किती भार पडतो याची कल्पना सुरुवातीलाच असावी. १००० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे साधारण सव्वा लिटर पाणी उकळू लागते. गाडी थांबवताना ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत डिस्क, पॅड आणि ड्रम यांना उष्णतेच्या रूपात झेलावी लागते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून वस्तीतल्या रस्त्यावर ठीक वाटणारे ब्रेक मोठ्या वेगात किंवा लांब उतारावर अपुरे पडू शकतात.

यंत्रणा थोडक्यात

पेडल ही एक तरफ आहे. तिने वाढवलेल्या पायाच्या जोरात बूस्टर आणखी भर घालतो आणि तो जोर मास्टर सिलिंडरमधल्या दट्ट्यावर येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमानुसार तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखे धरणाऱ्या भागाचा, पिस्टन दोन्ही बाजूंचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आवळतो, तर ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलून ड्रमच्या आतल्या भिंतीला टेकवतो. अनेक गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असल्यामुळे एका कप्प्याची नळी फुटली तरी दुसऱ्या कप्प्यावरचे ब्रेक काम करतात, मात्र पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. पेडल अचानक खोल गेले पण गाडी थांबली, तर ‘चला, थांबली एकदाची’ असे म्हणून पुढे निघू नये. दोनपैकी एक आधार गेलेला असण्याची ती खूण आहे.

पहिली पायरी: जागेवर बसून पेडलची तपासणी

सर्वाधिक माहिती देणारी तपासणी हीच आहे. तिला पाच मिनिटे लागतात आणि ती महिन्यातून एकदा सहज करता येते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि पेडलखाली पायपुसणे किंवा बाटली अडकलेली नाही याची खात्री करावी.

प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबावे. दर वेळी पेडल अधिक कडक होत जाईल, कारण बूस्टरमध्ये साठलेली निर्वात पोकळी संपत जाते. पेडल पुरते कडक झाल्यावर त्यावर मध्यम जोराने पाय तसाच दाबून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली सरकते. ते अजिबात न हलल्यास बूस्टर, त्याची रबरी नळी किंवा नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह यांपैकी कशात तरी दोष असतो. अशा गाडीचे ब्रेक लागतात, पण त्यासाठी पायाला फार जोर करावा लागतो.

मग इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवून बंद करावे आणि पेडल सावकाश, प्रत्येक वेळी थोडे थांबून, तीनदा दाबावे. पहिल्या वेळी ते सर्वांत खोल जावे, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी क्रमाने वर राहावे. पहिल्या वेळेपासूनच कडक लागले तर बूस्टर निर्वात धरून ठेवत नाही असे समजावे. ज्या गाड्यांत विजेवर चालणारा बूस्टर आहे त्यांना या दोन्ही तपासण्या लागू पडत नाहीत. अशा गाड्यांसाठी मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धत वापरावी.

शेवटी इंजिन सुरू ठेवून पेडल घट्ट दाबावे आणि अर्धे ते एक मिनिट तसेच धरावे. पेडल एका जागी स्थिर राहायला हवे. ते हळूहळू जमिनीकडे सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी सील दाब धरत नाही. या दुसऱ्या प्रकारात बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरत नाही. म्हणून ‘गळती दिसत नाही, म्हणजे सगळे ठीक असेल’ असा निष्कर्ष काढू नये. पेडल असे खाली बसत असेल तर गाडी चालवू नये.

पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल आणि भराभर दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन कडक होत असेल, तर नळ्यांत हवा शिरली असण्याची शक्यता मोठी असते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते, आणि पायाचा जोर तिथेच वाया जातो. मागचे ड्रम ब्रेक सैल पडले असले तरीही पेडल खोल जाते, पण ते मऊ लागत नाही. पेडल नुसते खोल जाते की मऊही लागते, हा फरक वहीत स्पष्ट लिहावा, कारण मेकॅनिकला पुढे त्याचा फार उपयोग होतो.

याच वेळी डॅशबोर्डवरचे दिवेही पाहून घ्यावेत. चावी फिरवल्यावर ब्रेकचा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळसर दिवा दोन्ही लागले पाहिजेत. एबीएसचा दिवा काही सेकंदांत आणि लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावर विझला पाहिजे. हँडब्रेक पूर्ण सोडूनही लाल दिवा लागलेला राहिला, तर आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. एबीएसचा दिवा पेटलेला राहिल्यास साधे ब्रेक सहसा चालू असतात, पण जोराने ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी सोय बंद असते. जो दिवा चावी फिरवल्यावर मुळात लागतच नाही, त्याकडेही दुर्लक्ष करू नये, कारण तो इशारा देण्याच्या स्थितीत नसतो.

दुसरी पायरी: बॉनेटखाली ब्रेक ऑइल

बोलताना आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे, पण ते तेल नव्हे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे प्रकार ग्लायकॉल इथरपासून बनतात. हे सांगण्याचे कारण असे की, नावामुळे फसून कोणी टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतले, तर सगळ्या सिस्टीममधली रबरी सील फुगतात, आणि मग एखादा भाग बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचा रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. गाडीला कोणता प्रकार चालतो हे बहुधा टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते. नावात साम्य असले तरी डॉट ५ हा प्रकार सिलिकॉनपासून बनतो आणि तो वरच्या तिन्ही प्रकारांत मिसळू नये.

टाकी बहुधा अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. झाकण न उघडता पातळी बाहेरूनच वाचावी, कारण झाकण उघडले की दमट हवा आत जाते. पातळी या दोन खुणांच्या मध्ये असावी. इथे नवख्यांची एक चूक हमखास होते. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागच्या वाढलेल्या जागेत ब्रेक ऑइल भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. हे स्वाभाविक असते. पातळी उतरलेली पाहून लगेच ती कमाल खुणेपर्यंत भरली, तर पॅड झिजल्याचा एक सोपा इशारा आपणच पुसून टाकतो, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की ते ब्रेक ऑइल टाकीतून बाहेर सांडते. म्हणून पातळी उतरलेली दिसली की पहिल्यांदा पॅडची जाडी पाहावी. पॅड जाड असताना पातळी उतरली असेल, किंवा काही दिवसांतच ती लक्षणीय खाली आली असेल, तर मात्र गळती शोधणे भाग आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. त्यामुळे त्याचा उकळबिंदू घसरतो. मानकानुसार डॉट ३ चा उकळबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपेक्षा खाली जाता कामा नये. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० असे आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्यास कॅलिपर इतके तापतात की ओल धरलेले ब्रेक ऑइल तिथेच उकळते, त्याची वाफ होते, आणि एरवी ठीक असलेले पेडल त्या क्षणी जमिनीला टेकते. गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा पूर्ववत होते, त्यामुळे नंतर तपासणी करणाऱ्याला काहीच सापडत नाही. या एका कारणासाठी, गाडी किती चालली याचा विचार न करता, दर दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत ब्रेक ऑइल बदलावे असे मी आग्रहाने सांगतो. नुसत्या रंगावरून त्याची अवस्था नीट कळत नाही. फार काळे पडलेले ब्रेक ऑइल जुने झालेले असते हे खरे, पण स्वच्छ दिसणाऱ्यातही पाणी असू शकते.

भर घालायची असेल तर सीलबंद डब्यातलेच ब्रेक ऑइल वापरावे. कित्येक महिन्यांपूर्वी उघडून ठेवलेला डबा कितीही भरलेला असला तरी वापरू नये. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग निघतो, म्हणून तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा. ते विषारी असल्यामुळे डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

तिसरी पायरी: हँडब्रेक आणि सावकाश चालवून पाहणे

हँडब्रेक ओढताना किती ‘कट्’ वाजतात ते मोजावे आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावे. पूर्वीपेक्षा दोन-तीन कट् जास्त लागत असतील तर केबल ताणली गेली आहे किंवा मागचे शू झिजले आहेत. पहिल्या शक्यतेवर विसंबून केबल आवळत बसू नये. आधी मागचे ब्रेक तपासून जुळवावेत आणि मगच केबलला हात लावावा, अन्यथा शू ड्रमला सतत घासत राहतात. सौम्य चढावर पाय पेडलजवळ ठेवून गाडी केवळ हँडब्रेकवर थांबते का, हेही पाहावे.

चालवून पाहण्यासाठी रिकामी, कोरडी, सपाट जागा निवडावी. त्याआधी चारही टायरमधली हवा योग्य आहे ना ते पाहावे, कारण एका टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी एका बाजूला ओढते आणि दोष उगाच ब्रेकवर जातो. ताशी २० ते ३० किलोमीटर वेगात स्टिअरिंगवर हलका हात ठेवून सरळ ब्रेक दाबावा. गाडी डावीकडे ओढत असेल तर बहुधा उजव्या चाकाचा ब्रेक कमी धरतो आहे किंवा डाव्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. या दोन शक्यता वेगळ्या करण्याची युक्ती सोपी आहे. काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवावी, सुरक्षित जागी थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, तळहात नेऊन उष्णता जोखावी. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथला ब्रेक जाम आहे. डिस्कला मात्र कधीही हात लावू नये, कारण ती काहीशे अंश तापलेली असू शकते.

ब्रेक दाबताना पेडल किंवा स्टिअरिंग लयीत थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही असे समजावे. मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरकही पायाला जाणवतो. मात्र अगदी जोराने ब्रेक दाबल्यावर पेडल खडखडत हलणे हे एबीएस काम करत असल्याचे लक्षण आहे. त्या वेळी घाबरून पाय ढिला सोडू नये. आवाजांपैकी, ब्रेक दाबताना येणारी बारीक, कर्कश किंचाळी ही पुष्कळदा पॅडवर मुद्दाम बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीची असते. पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते. जाड, खरखरीत आवाज आला तर धातूवर धातू घासत असण्याची शक्यता असते, आणि तिथे वाट पाहण्याची सोय नाही. पावसात किंवा रात्रभर ओलीत उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते, पण तो डिस्कवरचा वरवरचा गंज असून तेवढ्यात तो निघून जातो.

चौथी पायरी: चाक काढून पाहणे

चाकाच्या फटींतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड आणि डिस्क बऱ्याच गाड्यांत दिसतात, आणि अनेक जण तेवढ्यावरच समाधान मानतात. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक दिसत होता, मी निर्धास्त होतो, आणि टायर बदलताना चाक निघाले तेव्हा आतला पॅड पाठीच्या पत्र्यापर्यंत संपलेला सापडला. डिस्कच्या आतल्या बाजूला खोल चरे पडले होते आणि तीही बदलावी लागली. तेव्हापासून मी दर दहा हजार किलोमीटरला, किंवा सहा महिन्यांनी, चारही चाके काढून पाहतो आणि इतरांनाही तेच सांगतो.

गाडी उचलताना घाई करू नये. सपाट आणि टणक जमीन, गाडी गिअरमध्ये किंवा पार्किंगमध्ये, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि चाकाचे नट जमिनीवर असतानाच पाऊण फेरा सैल केलेले, एवढे झाल्यावरच जॅक लावावा. जॅकची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. गाडी उचलल्यावर लगेच जॅक स्टँड लावून वजन त्यावर घ्यावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये, विटा किंवा दगड यांचा आधार तर कधीच घेऊ नये. मागची चाके पाहताना हँडब्रेक सोडावा लागत असेल तर ठोकळ्यांवर दुप्पट लक्ष द्यावे. डिस्क आणि ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि नव्या पॅडची धूळही फुप्फुसांसाठी चांगली नाही. मास्क घालावा आणि ब्रेक क्लीनरने ती ओली करून फडक्याने टिपावी.

आता पॅड पाहावेत. पाठीचा पत्रा सोडून फक्त घर्षणाच्या थराची जाडी मोजावी. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. अनेक मॅन्युअलमध्ये त्याची शेवटची मर्यादा दीड-दोन मिलिमीटर दिलेली असते, पण ३ मिलिमीटर उरल्यावर पॅड बदलावेत असे माझे मत आहे, कारण थर पातळ झाला की उष्णता पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे लवकर पोहोचते. आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड मोजावेत आणि दोन्ही आकडे लिहावेत. एकाच चाकावरच्या दोन पॅडमध्ये दोनेक मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल, किंवा एकच पॅड एका टोकाला जास्त झिजला असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. नुसते नवे पॅड घालून हा दोष जात नाही. नवे पॅडही तसेच वाकडे झिजतात.

डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा ठोकलेली असते. व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजण्याच्या साधनाने, मोजताना एक अडचण येते. डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उभी राहिलेली असते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. यासाठी सारख्या जाडीची दोन नाणी डिस्कच्या दोन बाजूंना, धारेच्या आत, धरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. तीन-चार ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा लिहावा. बारीक रेषा चालतात. नखाला स्पष्ट अडणारे चर, कडेपर्यंत गेलेली भेग किंवा निळसर जळके डाग दिसले तर डिस्क तज्ज्ञाला दाखवावी.

रबरी नळी हलकेच वाकवून तिला भेगा आहेत का ते पाहावे, आणि मदतनिसाला पेडल दाबायला सांगून ती कुठे फुगते का हेही पाहावे. फुगणारी नळी ताबडतोब बदलण्याजोगी असते. कधी कधी नळी बाहेरून चांगली दिसते, पण आतून सुजून बंद होते. मग दाब चाकापर्यंत जातो पण परत येत नाही, आणि ब्रेक जाम राहतो. पिस्टनभोवतीचे रबरी बूट फाटलेले नसावे आणि त्याच्या आसपास किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओल नसावी. लोखंडी नळ्यांवरचा वरवरचा गंज पुसून खाली खड्डे पडलेत का ते जरूर पाहावे.

ड्रमबाबत नवख्याने फार खोलात जाऊ नये. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर रबरी बूच असते, ते काढून टॉर्चच्या उजेडात शूवरच्या लायनरची, म्हणजे घर्षणाच्या थराची, जाडी पाहता येते. तिची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि ती अनेकदा १ मिलिमीटरच्या आसपास असते. पत्र्याच्या खालच्या कडेला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळत असण्याचा संभव आहे. ब्रेक ऑइल लागलेले लायनर धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत. ड्रममधल्या स्प्रिंगा जोराने सुटतात आणि त्यांची रचना लक्षात ठेवणे अवघड असते, म्हणून ते काम पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी बसूनच शिकावे.

पाचवी पायरी: पिना साफ करणे आणि पॅड बदलणे

दोन-तीनदा नुसती तपासणी केल्यावर आणि जवळ एखादा जाणकार असताना हे काम हाती घ्यावे. एका वेळी एकच चाक उघडावे, म्हणजे दुसऱ्या बाजूची जोडणी नमुना म्हणून समोर राहते. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर पिस्टन सरळ ढकलून आत जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. विजेवरचा हँडब्रेक असेल तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते. ही दोन्ही कामे घरी करू नयेत.

पुढच्या कॅलिपरचा बहुधा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. पूर्ण काढल्यास तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा. रबरी नळीवर लोंबकळत सोडल्यास नळी आतून तुटते. पिना बाहेर काढून जुने ग्रीस पुसावे, गंज असल्यास पिन बदलावी, आणि सिलिकॉनचे किंवा खास ब्रेकसाठी बनवलेले ग्रीस पातळसे लावावे. साधे खनिज ग्रीस रबर फुगवते आणि ज्या दोषासाठी आपण पिन काढली तोच दोष निर्माण करते. पॅडच्या घर्षणाच्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचे बोटही लागू देऊ नये.

पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतली पातळी पाहावी आणि ती कमाल खुणेजवळ असेल तर थोडे ब्रेक ऑइल स्वच्छ सिरिंजने काढून घ्यावे. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाब द्यावा. पिस्टन हटून बसला तर जोर करू नये. तो कॅलिपर दुरुस्तीला आलेला आहे. कॅलिपर डिस्कवर नसताना कोणीही पेडलला पाय लावू नये, कारण पिस्टन पूर्ण बाहेर येतो. पॅड नेहमी एका एक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलावेत. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, म्हणजे तिथे दिलेल्या आवळण्याच्या जोरानेच, आवळावेत.

चाक बसवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधीच, पेडल कडक होईपर्यंत हळूहळू अनेकदा दाबावे. मागे गेलेले पिस्टन पॅडला टेकेपर्यंत गाडीला ब्रेक नसतात. हे विसरून गाडी मागे घेतली की ती थेट भिंतीवर जाऊन आदळते, म्हणून चावीला एक चिठ्ठी बांधून ठेवण्याची सवय मला फार उपयोगी वाटते.

ब्रेक ऑइल बदलणे आणि हवा काढणे यांसाठी दोन माणसे लागतात आणि चुकीला जागा नसते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकावरचे निपल (हवा आणि ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचे छोटे तोंड) उघडून जुने ब्रेक ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत घ्यायचे, निपल बंद झाल्यावरच पहिल्याने पेडल सोडायचे, आणि हे चाललेले असताना टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही, अशी ही पद्धत आहे. चाकांचा क्रम गाडीनुसार बदलतो. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर लागतो. म्हणून पहिल्या वर्षी तरी हे काम मेकॅनिककडून समोर उभे राहून करून घ्यावे. निघालेले ब्रेक ऑइल पुन्हा वापरू नये आणि गटारात किंवा मातीत ओतू नये. बंद बाटलीत घालून ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

रस्त्यावर उतरताना

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने पूर्ण घट्ट करावेत. लहान प्रवासी गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. पाइप लावून, पान्यावर उभे राहून नट आवळू नयेत, कारण त्याने आटे जातात आणि हबवर असमान ताण येऊन डिस्क वाकडी फिरू शकते.

नवे पॅड पहिल्या ब्रेकपासून पूर्ण जोराने धरत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरवरून १५ पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग कमी करावा, आणि प्रत्येक दोन वेळांच्या मध्ये ब्रेक थंड होण्याइतके अंतर ब्रेकशिवाय चालावे. पॅड बनवणाऱ्याने वेगळी सूचना दिली असेल तर ती पाळावी. या दरम्यान पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये, कारण तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे थरथर सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अंतर जास्त ठेवून चालवावे.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत, टाकीतली पातळी पाहावी, आणि चारही चाकांच्या आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी, डिस्कचा सर्वांत लहान आकडा, हँडब्रेकचे कट् आणि पेडलबद्दलची आपली नोंद त्या दिवसाच्या तारखेखाली वहीत लिहावी. पुढच्या खेपेला चाक काढाल तेव्हा याच पानावरच्या आकड्यांशी तुलना करायची असते.